पिवळी रेघ

चारही बोल्टांवरच्या रेघा तुटल्या होत्या.

वस्ताद गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणे पडून बॅटरीच्या उजेडात बघत राहिले. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यापासून शेजारच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. नंतर कोणी पाना लावलाच, तर रेघेची दोन टोकं जुळत नाहीत आणि चोरी पकडली जाते. काल दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने चार बोल्ट आवळले होते, चार रेघा ओढल्या होत्या. आता एकही धड नव्हती.

गाडी मुलीची. ठेंगणी, जुनी वॅगन. मुलगी नर्स होती, आठवड्यातून तीन दिवस टेकडीपलीकडच्या वस्त्यांवर जायची, आणि तिथला रस्ता म्हणजे नुसते दगड. म्हणून वस्तादांनी वॅगन दीड इंच उचलली, टायर एक नंबर मोठे घातले, इंजिनाखाली जाड पत्रा बसवला. चाकांना धरून ठेवणारे खालचे दोन्ही आर्म काढून त्यांत नवे रबरी बुश घातले. ते आर्म ज्या चार बोल्टांवर होते, त्यांच्यावरच लेकीचा जीव होता.

गॅरेजची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती. जावयाकडे.

जावई पलीकडे टेबलाशी नट पुसत बसला होता. सहा महिन्यांपासून त्याने एक नवीन रीत काढली होती. संध्याकाळ झाली की म्हणायचा, “मामा, तुम्ही व्हा पुढे, मी आवरून येतो.” आधी वस्तादांना बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. या एवढ्याशा गॅरेजात रोज तासभर आवरण्यासारखं होतं तरी काय? पाणी कुठेतरी मुरत होतं. जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते काय उगाच?

पहिला संशय साधा होता. नवे बुश काढून विकले असतील आणि जुने ठोकले असतील. त्यांनी बोटाने चाचपून बघितलं. नवेच होते. खरं तर इथे त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. चोरी नाही, तर मग बोल्ट उघडले कशाला? गेले पंधरा दिवस लेक आणि जावई एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. बापाच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. वस्तादांनी तो विचार झटकला. तो पुन्हा येऊन बसला.

ते सरकत बाहेर आले.

“जावईबापू, मी गेल्यावर काल या गाडीला कोणी हात लावला?”

जावयाने मान वर केली नाही. “कोण लावणार, मामा? काम तर तुम्हीच केलंत.”

“मी गेल्यावर विचारतोय.”

“मी झाडलं, शटर ओढलं आणि घरी आलो.”

साफ खोटं. एकच नट तो मघापासून चौथ्यांदा पुसत होता.

तेवढ्यात मुलगी आली. खांद्याला बॅग, हातात औषधांची पेटी. “बाबा, गाडीची किल्ली द्या. आधीच उशीर झालाय.”

“गाडी जाणार नाही.”

“का?”

“तुझ्या नवऱ्याला विचार. खालचे बोल्ट उघडलेत यांनी, आणि माझ्या तोंडावर नाही म्हणतायत. काय करून ठेवलंय देव जाणे.”

बोलून गेल्यावर वस्तादांना स्वतःचीच भीती वाटली. मुलगी आता कडाडेल असं वाटलं, पण ती कडाडली नाही. तिने पेटी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघितलं.

“सांग आता. पंधरा दिवस मी दुसरं काय म्हणतेय?”

जावई उठून उभा राहिला. “बोल्ट मी सैल केले, मामा. आणि परत आवळले. तुम्ही आवळलेत तेव्हा गाडी जॅकवर होती. चाकं लटकत होती.”

वस्ताद त्याच्याकडे बघतच राहिले. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिल्याशिवाय खालचे बोल्ट आवळायचे नाहीत. लटकत्या चाकांवर आवळले तर गाडी खाली टेकताच रबर पिळतं, आणि दगडांच्या रस्त्यावर चार दिवसांत फाटतं. हे याच जावयाला त्यांनी कितीदा घसा कोरडा करून शिकवलं होतं. त्यांनी कालची दुपार आठवून बघितली. आधी पाना. मग रंगाची डबी. जॅक सगळ्यात शेवटी उतरवला होता.

“मग मघाशी खोटं का बोललात?” त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

“तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. रेघाही ओढणार होतो परत. डबीचं झाकण उघडं राहून रंग वाळून गेला होता.”

वस्तादांनी खिशातून किल्ली काढून मुलीच्या हातात ठेवली. “सावकाश जा,” एवढंच म्हणाले. तिने त्यांच्या दंडावर क्षणभर हात ठेवला, पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि गाडी बाहेर काढली. दारापुढच्या खड्ड्यातून वॅगन गेली तेव्हा दोघेही कान देऊन ऐकत होते. खालून कसलाही आवाज आला नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावरही वस्ताद रस्त्याकडेच बघत उभे राहिले.

“जावईबापू, याआधी किती वेळा?”

जावयाने पुठ्ठा उचलून भिंतीला लावला, बॅटरी बंद केली.

“सगळ्याच वेळी नाही, मामा.”