डावीकडचा फाटा

"काका, इथे तुम्ही डावीकडे का वळलात?"

स्नेहलने लॅपटॉपवरच्या नकाशातल्या एका टीचभर रेघेवर बोट ठेवलं. बिशान उपनगरातल्या एसी फ्लॅटमध्ये पद्माकरांना दरदरून घाम फुटला.

चांगी बिझनेस पार्कातली नोकरी सांभाळून हा गडी चार वर्षं दर लाँग वीकेंडला कंबोडिया गाठत होता. मोटरसायकल भाड्याने घ्यायची, जीपीएस कमरेला अडकवायचं आणि जंगलातल्या पाऊलवाटा नकाशावर उतरवायच्या. कुठेतरी एखादं जुनं ख्मेर देऊळ सापडेल, ही आशा. सापडल्या त्या जळवा. तिथल्या मराठी मंडळातले लोक तर "काय पद्माकर, देव पावला का?" म्हणून पिच्छा पुरवायचे.

आणि आता विद्यापीठात संशोधन करणारी ही पोरगी सांगत होती, की त्यांच्याच नकाशावरून तिची तुकडी गेली आणि त्या रेघेच्या टोकाला, झाडीखाली, हजार वर्षांपूर्वीचं देऊळ मिळालं. अहवालात शोधकर्ता म्हणून पद्माकरांचं नाव जाणार होतं. फक्त 'शोध कसा लागला' हा रकाना भरायचा राहिला होता.

"मुख्य वाट सोडून चाळीस मीटर आत," स्नेहल कौतुकाने म्हणाली. "जाताना अक्षरशः धावलात. तिथे अकरा मिनिटं थांबलात. येताना मात्र रमतगमत. तुम्हाला खात्रीच होती ना?"

खात्री कसली! बिचाऱ्याच्या पोटात कळ आली होती आणि दिसेल ते झुडूप गाठायचं होतं. आणि तेही देवळाच्या दारात, शिव शिव! हे छापून आलं तर मंडळात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. पद्माकर खाकरले.

"जमिनीचा उंचवटा पाहिला. म्हटलं, इथे काहीतरी आहे."

स्नेहलने ते भक्तिभावाने टाइप केलं. शेजारी बसलेल्या संजीवनीबाईंनी, म्हणजे पद्माकरांच्या बायकोने, चष्मा लावून रेघेखालची तारीख वाचली.

"उंचवटा खोड गं," त्या म्हणाल्या. "अन्न टाकायचं नाही म्हणून यांनी त्या दिवशी डब्यातून नेलेली माझी तीन दिवसांची शिळी मटकीची उसळ खाल्ली होती. शोधकर्ती म्हणून माझं नाव घाल."