ताणमुक्तीचा तास

कराडला घरूनच काम करणारी सृष्टी कंपनीच्या ताणमुक्तीच्या ऑनलाइन तासाला डोळे मिटून बसली होती. पण मांडीवरचा तिचा लहानगा शिवतेज काही केल्या झोपेना. शेवटी सासूबाईंनी त्याला खांद्यावर घेऊन दटावलं, "झोप रं गप, न्हाईतर आईचा सायेब यील बग!"

पोरगं लगेच झोपलं. सृष्टीनं हळूच एक डोळा उघडला आणि स्क्रीनकडे पाहिलं. माइक चालू होता! बढतीचा निर्णय तोंडावर, आणि तो घेणारे सर समोरच डोळे मिटून बसलेले.



सरांनी डोळे न उघडताच विचारलं, "काकू, माझ्या नावानं बाळ झोपलं, झ्याक झालं. पण क्लायंटच्या नावानं माझी झोप उडालीय, त्यावर काय हाय का?"