कडक वाळवा

लमायने तळ्यातलं जाळं वर ओढलं. आजही तेच. कात टाकताना मेलेल्या कोळंब्या, कवच भिजलेल्या कागदासारखं. जिवंत होत्या त्या मेलेल्यांना कुरतडत होत्या.

बांधावर तिचे बाबा, प्रासर्ट, भर उन्हात चटईशी उकिडवे बसले होते. कवच टणक व्हावं म्हणून व्हिटॅमिनची पूड आणि अंड्यातला पांढरा बलक चोळलेलं कोळंबीचं खाद्य ते तळहाताने खालीवर करत होते. पाठीची सालटी निघाली होती. हे तळं बुडालं तर लमायला दूर समुत साखोन शहरातल्या कारखान्यात कोळंब्या सोलायला जावं लागणार आणि म्हातारा घरात एकटा पडणार. म्हणून हा सगळा आटापिटा. रोज सकाळी तळ्याच्या देवापुढे लाल सरबताची बाटलीसुद्धा ठेवून झाली होती.

खाद्य विकणारा सोमफोंग फटफटीवरून उतरला आणि चटई बघून जागीच थबकला.

"अगं, उन्हात? उन्हाने व्हिटॅमिनचा जीव जातो! व्हिटॅमिन लावलेलं खाद्य सावलीत सुकवायचं असतं."

"मेल्या, हे आत्ता सांगतोस?"

"मला काय माहीत! जन्मभर मासे वाळवणारी माणसं तुम्ही. तुम्हाला मी वाळवण शिकवू?"

लमायने चटईकडे पाहिलं. बाबा पहिल्या दिवशी झाडाखालीच चटई घालत होते. तिनेच त्यांना तिथून उठवलं होतं. "कडक वाळवा हं बाबा, बुरशी नको."

"आता काही करता येईल?"

सोमफोंगने जाळ्यातली एक कोळंबी दाबली. बोट आत गेलं. "हे तळं गेलं, लमाय. पुढच्या खेपेला बघ."

पुढची खेप कुठली! तिला ओरडून रडावंसं वाटलं.

बाबा घाम पुसत आले. "काय म्हणतोय हा? माझं काही चुकतंय का?"

"नाही बाबा. रोग आलाय सगळीकडे. तुमचं काही चुकलं नाही."

सोमफोंग मान खाली घालून फटफटीकडे वळला.

"मी म्हटलंच!" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "थांब, अजून ऊन देतो. बघ, कशा तरारतात!"

आंब्याची सावली सरकत सरकत चटईवर आली होती. ते लगबगीने गेले आणि चटई उन्हाकडे ओढू लागले. एकट्याने हलेना.

"अगं ये की, बघत काय उभी राहिलीस!"

लमाय गेली. तिने दुसरं टोक धरलं.