चालू शकला नाही

लिफ्ट बंद होती, म्हणून शिवणकाम करणाऱ्या काकू तीन जिने चढून तपासणीला पोचल्या. दम किती टिकतो हे मोजल्याशिवाय डॉक्टर गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख देणार नव्हते. टेक्निशियनने त्यांच्या तोंडाला मास्क बांधला, छातीला वायरी चिकटवल्या आणि ट्रेडमिलवर चढवलं. काकू चालल्या. दुसऱ्याच मिनिटाला पायाखालचा पट्टा कुरकुरला आणि ठप्प झाला. बटणं दाबून दाबून टेक्निशियन मेटाकुटीला आला. "काकू, हे मशीन दीडशे किलोपर्यंतच चालतं हो." काकूंनी मास्क ओरबाडून काढला. "मग फोनवर दोनदा वजन विचारलंत ते कौतुक म्हणून?" त्याने अहवालाचा छापील कागद ओढला आणि त्यातल्या ठरलेल्या शेऱ्यावर खूण केली: 'रुग्ण चालू शकला नाही.' काकूंनी त्याच्या हातातलं पेन हिसकावलं, 'रुग्ण' खोडलं आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'पट्टा'.