दोन हात मागं

धसईच्या गॅरेजात रघू मिस्त्री खुशीत होता. शामच्या फोर-व्हील जीपच्या पुढच्या चाकांना इंजिनाशी जोडणारे ऑटोमॅटिक हब अडकले होते. चिखलातून बाहेर आल्यावर गाडी दोन हात मागं घेतली, की हे हब टक् करून सुटतात. शाम नेमका तेच विसरायचा.

जीप लाकडी ठोकळ्यांवर चढवून रघूनं दोन्ही हब खोलले, रॉकेलात धुतले आणि ग्रीस भरायला मांडीवर घेतले.

पाठीमागं, ठोकळ्यांवरच्या जीपमधून टक् आवाज आला.

"सुटले बगा, मिस्त्री!" चहा घेऊन आलेला शाम म्हणाला.

रघू समाधानानं हसला. मग त्यानं मांडीकडं पाहिलं. "शाम, हब तर हे इथं हायेत रे."

दोघंही वळले. जीप ठोकळ्यांवर तशीच उभी होती. धुळीतले ठोकळ्यांचे चौकोनी ठसे तेवढे दोन हात पुढं राहिले होते.