काकूंचं मागणं

लॉकडाऊनमध्ये काकूंचं देवाकडे एकच मागणं होतं: वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरची ती खुर्ची एकदाची मोडू दे. मेला रोज सकाळी ती अशी फरफटत न्यायचा की, खाली काकूंच्या कपातला चहा थरथरायचा. मग काकू झाडूच्या दांड्याने छत बडवायच्या आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. घरात एकट्याच, दिवसभरात बोलणं व्हायचं ते तेवढंच.

त्या दिवशी काकूंच्या अंगात सडकून ताप होता. वर खुर्ची फरफटली, पण दांडा काही उचलवेना. खुर्ची पुन्हा फरफटली, मग आणखी जोरात. आणि एकदम दारावर थापा पडल्या.

"काकू, बऱ्या आहात ना? आज शिव्या नाही आल्या!"

"म्हणजे तू मुद्दाम...?"

"मग काय करू? रोज तब्येत विचारायला आलो असतो, तर हाकलून दिलं असतंत. पडून राहा, डॉक्टरांना फोन लावलाय."

डॉक्टर तपासून गेल्यावर काकूंनी पडल्यापडल्याच देवाला हात जोडले.

"बरं झालं बाबा," त्या पुटपुटल्या, "तू माझं काही ऐकत नाहीस ते."