निरोगी बाजूची खुर्ची

“ही निरोगी बाजू,” संशोधक मुलगी म्हणाली आणि टेबलाच्या उजवीकडची खुर्ची तिने सासूबाईंना दिली. डावीकडची सुनेला.

रुग्णालयात चाललेल्या या अभ्यासाची रीतच तशी होती. एंडोमेट्रिऑसिस झालेल्या बाईने घरातली एक धडधाकट बाई सोबत आणायची. दोघींना प्रश्न तेच: पाळी कधी आली, मुलं किती, अंगावर किती पाजलं. उत्तरं कुठे वेगळी पडतात ते बघायचं, म्हणजे हा आजार कोणाला गाठतो ते कळेल.

गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी सुनेच्या पोटात भलत्याच जागी वाढलं होतं. सोमवारी ऑपरेशन होतं. सासूबाईंचं म्हणणं, ते रद्द करा. आधी एक मूल होऊ द्या, दुखणं आपोआप पळेल. घरातल्या सगळ्यांनी मान डोलावली, नवऱ्याने सगळ्यात आधी. सून बंदरावर क्रेन चालवायची. जहाजातला माल अलगद खाली ठेवणाऱ्या बाईला तिच्याच पोटाबद्दल कोणी विचारत नव्हतं, याचा तिला संताप यायचा. इथे यायला सासूबाई मात्र एका पायावर तयार झाल्या. शिकलेल्या माणसांपुढेच काय तो सोक्षमोक्ष लागलेला बरा.

“मुलं किती, काकू?”

“चार.” सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. “हिला एकही नाही. झाला तुझा अभ्यास. घे लिहून.”

“मूल नाही म्हणून दुखतं, की दुखणं आहे म्हणून मूल नाही, तेच तर शोधतोय आम्ही,” मुलगी म्हणाली. “पाळीत तुमचं पोट दुखायचं?”

“कोणाचं नाही दुखत? घरोघरी मातीच्या चुली.”

“किती दुखायचं?”

“फार नाही गं. कपडे धुताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. बादलीचा काठ धरून बसायचे, मग उठायचे. कधी हूं की चूं केलं नाही.” हे सांगताना त्यांची मान ताठ होती.

“पहिल्या मुलानंतर थांबलं?”

“नाही.”

“चौथ्यानंतर?”

आता मान जरा खाली आली. “पिशवी काढली, तेव्हा थांबलं.”

सून उठून उभीच राहिली. “आई, मग मला का सांगत होता, मूल झालं की जाईल म्हणून?”

“मला तसंच सांगितलं होतं.”

“पण गेलं नाही ना?”

“दर वेळी वाटायचं, पुढच्याने जाईल.”

सुनेला त्यांची दया आली आणि त्याच दमात रागही आला. एवढं सोसलेली बाई आपल्यालाही त्याच वाटेने हाकत होती.

“मी सोमवारी जाणार,” ती म्हणाली. “घरातलं कोणी आलं नाही तर एकटी जाईन.”

मुलीने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. “काकू, तुम्हाला निरोगी गटात धरता येणार नाही. आणि तेव्हा कोणी नीट तपासलंच नाही, म्हणून आजाराच्या गटातही घेता येत नाही. तुम्हाला वगळावं लागेल.”

“वगळायचं म्हणजे?”

“तुमचं दुखणं मोजता येणार नाही.”

“ते आजवर कोणीच मोजलं नाही. मीसुद्धा.” सासूबाई उठल्या. “आता मात्र मोजल्याशिवाय चालायचं नाही. तुझ्या गटांचं काय करायचं ते तू बघ.”

त्यांनी लोखंडी खुर्ची धरली. सून मदतीला सरसावली, तर तिला कोपराने बाजूला सारलं. फरशीवर करकर वाजवत त्यांनी खुर्ची टेबलाला वळसा घालून ओढत आणली, सुनेच्या खुर्चीला चिकटवून ठेवली आणि पदर सावरून बसल्या.

“विचार आता पहिल्यापासून,” त्या म्हणाल्या. “आणि लवकर आटप. आम्हा दोघींना सोमवारची तयारी करायची आहे.”